गळ, काठी आणि रीळ : खर्च कोठे करावा?

मुंबई उपनगर जिल्ह्यात शेतकरी आहेत, हे ऐकून राज्याच्या इतर भागांतील वाचकांस किंचित नवल वाटेल. परंतु बोरिवली तालुक्यातील गोराई व मनोरी या गावांत अद्याप शेते व वाड्या आहेत. आरे वसाहतीच्या परिसरातील आदिवासी पाड्यांवर पावसाळी भाजी निघते. आणि वर्सोवा, मढ येथील कोळीवाड्यांचा तर मासेमारी हाच पिढीजात व्यवसाय आहे. खाडी, ओढा किंवा तळे घराजवळ असल्यामुळे या भागातील अनेक कुटुंबांत गळ आणि दोरी सहज सापडते. भाजीच्या वाफ्याला पाणी देऊन झाले की तास-दोन तास गरवण्यास बसावे आणि संध्याकाळच्या कालवणाची सोय करावी, ही जुनी रीत आहे.

अलीकडे या रीतीत एक नवी वस्तू आली आहे. कार्बनची हलकी काठी, तिच्यावर बसविलेली गुळगुळीत फिरणारी रीळ, वेणीप्रमाणे विणलेली रंगीत दोरी आणि खरा मासा वाटावा असे कृत्रिम आमिष, असा पूर्ण संच बाजारात मिळतो. त्याची किंमत काही हजार रुपयांपासून सुरू होते आणि हौस असेल तेथवर जाते. शिमानो, दायवा अशी परदेशी नावे तरुणांच्या तोंडी बसली आहेत. हौशी माणसाने आपल्या पगारातून असा संच घेतला तर त्यास कोणी हरकत घेऊ नये. परंतु ‘उत्तम संच घेतला तर त्याचे पैसे मासे विकून निघतील काय?’ असा प्रश्न जेव्हा शेतकऱ्याचा मुलगा विचारतो, आणि त्यासाठी भाजीच्या हंगामाचे पैसे किंवा बचत गटाचे कर्ज वापरण्याचा बेत असतो, तेव्हा गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यास उत्तर देता आले पाहिजे. प्रस्तुत लेख त्यासाठी आहे.

काठीचे काम

गळाने मासा धरण्यास काठी अवश्य लागतेच असे नाही. होडीतून गळ टाकणारा कोळी पुष्कळदा नुसती दोरी हाती धरतो. होडी माशाच्या डोक्यावर नेता येते. त्यामुळे गळ दूर फेकण्याची आवश्यकता राहत नाही. माशाने आमिषास तोंड लावले की त्याचा हिसका सरळ तर्जनीला कळतो. या कामी अनुभवी बोटाची बरोबरी कोणतीही महाग काठी सहज करू शकणार नाही.

काठी उपयोगी पडते ती काठावरून मासेमारी करणाऱ्यास. तिची कामे तीन. गळ व शिसे दूर फेकणे हे पहिले. माशाचा स्पर्श हातापर्यंत पोहोचविणे हे दुसरे. आणि मासा लागल्यावर जो झटका बसतो तो स्वतः वाकून सोसणे आणि दोरी तुटू न देणे हे तिसरे, व माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. वेळूची साधी लवचीक काठी दुसरे व तिसरे काम चांगले करते. पहिल्या कामात मात्र ती उणी पडते, कारण दोरी तिच्या शेंड्यालाच बांधलेली असते आणि काठीच्या व दोरीच्या लांबीपलीकडे गळ जाऊ शकत नाही. रीळ आल्यामुळे ही मर्यादा संपली. स्थिर फिरकीच्या रिळाचे एकस्व आल्फ्रेड इलिंगवर्थ या इंग्रज गृहस्थाने 1905 साली घेतले. या रचनेत दोरी फेकताना फिरकी फिरत नाही. दोरी तिच्या तोंडावरून वेटोळ्यांनी सुटत जाते. त्यामुळे नवशिक्यालाही हलके वजन दूर टाकता येते आणि दोरीचा गुंता कमी होतो. आज बाजारात मिळणारी बहुतेक साधी रिळे याच तत्त्वावर चालतात. म्हणजे स्वस्त रीळ व महाग रीळ यांचे मूळ तत्त्व एकच आहे. भेद आहे तो घडणीचा.

काठीच्या द्रव्याचाही इतिहास मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या सहा चिरफळ्या घासून व एकत्र चिकटवून षट्कोनी काठ्या करीत. प्रारंभी त्यासाठी कलकत्त्याहून जाणारा बांबू वापरला जाई. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने 1873 साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्या काळातील ही गोष्ट. आपलाच बांबू विलायतेत चिरून, चिकटवून, भारी किमतीची काठी होऊन साहेबाबरोबर पुन्हा इकडे आला असल्यास नवल नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या, म्हणजे फायबर ग्लासच्या काठ्या आल्या आणि 1970 नंतरच्या दशकात कार्बनच्या. कार्बनची काठी तेवढ्याच ताठपणासाठी पुष्कळ हलकी असते व स्पर्श स्पष्ट पोहोचविते. परंतु खडकावर आपटली किंवा वाहनाच्या दारात सापडली तर ती काचेसारखी मोडते. काचतंतूची काठी जड असली तरी दांडगाई सोसते. घरात चार हात जिला हाताळणार, मुले जिला अंगणात नाचविणार, त्या घरी काचतंतूची काठीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्बनविषयी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पैशांपेक्षा मोठी आहे. कार्बनमधून वीज वाहते. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली लांब कार्बनची काठी उभी धरणे किंवा गळ फेकण्यासाठी मागे उगारणे प्राणघातक ठरू शकते. आकाशात गडगडाट होत असता ती हाती धरून काठावर उभे राहणे तितकेच धोक्याचे. ओल्या वेळूच्या काठीवरही विश्वास ठेवू नये. विहिरीजवळ, पंपाच्या खोलीजवळ व बांधावर जेथे तारा खाली झोळलेल्या असतात, तेथे काठी आडवी धरूनच चालावे. कार्यकर्त्यांनी ही सूचना प्रत्येक पाड्यावर तोंडी द्यावी.

माशाच्या बाजूने आरंभ

संच विकत घेताना बहुतेक जण काठीपासून आरंभ करतात, मग रीळ घेतात, आणि उरलेल्या पैशांत गळ व दोरी. माझ्या मते हा क्रम उलटा पाहिजे. मासा ज्या टोकाला लागतो त्या टोकापासून खर्चास आरंभ करावा व हाताकडे येत जावे.

पहिला मान गळाचा. गंजलेला किंवा बोथट गळ तीस हजारांच्या काठीला लावला तरी मासा सुटणारच, आणि नखावर ओढला असता न घसरता रुतणारा गळ वेळूच्या काठीलाही यश देतो. चांगल्या गळांचे पुडके संचाच्या किमतीच्या मानाने नगण्य असते. गळाचा आकार आमिषाला व माशाच्या तोंडाला शोभेल असा असावा. मोठ्या गळाला मोठा मासा लागतो ही समजूत खरी नाही.

दुसरा मान दोरीचा. आपल्याकडे तंगूस या नावाने ओळखली जाणारी नायलॉनची एकेरी दोरी स्वस्त व टिकाऊ आहे. तिचे बळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जाडी दुप्पट झाली की बळ सुमारे चौपट होते. याचा उलट अर्थही ध्यानी घ्यावा : खडकावर घासून दोरी थोडी जरी बारीक झाली तरी तिचे बळ त्या मानाने बरेच घटते. सूर्यप्रकाशाने नायलॉन हळूहळू कुजते, म्हणून खिडकीत टांगलेली दोरी वर्षानंतर नवी दिसली तरी विश्वासाची राहत नाही. गाठ हे दोरीचे सर्वांत दुबळे स्थान होय. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी, नाही तर आवळताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेने दोरी तेथेच दुखावते. ही युक्ती फुकट आहे.

तिसरे स्थान रिळातील त्या योजनेचे, जिला ड्रॅग म्हणतात. दोरीवर ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक ताण आला की फिरकी घसरते व दोरी थोडी थोडी सुटते. मासा थकतो आणि दोरी वाचते. दोरीच्या तुटण्याच्या बळाच्या सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ड्रॅग सुटू लागेल असा तो बसवावा. दोरी 8 किलो भार सोसणारी असेल तर ड्रॅग 2 ते अडीच किलोस सुटावा. घरातील लहान काटा दोरीला अडकवून व ओढून हे सहज तपासता येते. महाग रिळातील ड्रॅग एकसारखा, धक्के न देता सुटतो, हा तिचा खरा गुण होय. पैसे द्यायचेच तर या गुणासाठी द्यावे. रिळात गोळ्यांची बेअरिंगे किती आहेत याची जी जाहिरात केली जाते तिला फारसा अर्थ नाही. थोडी पण चांगली बेअरिंगे पुष्कळशा हलक्या बेअरिंगांपेक्षा बरी.

काठी सर्वांत शेवटी. ती फार लांब घेण्याचा मोह आवरावा. तरफेचा नियम येथे हाताच्या विरुद्ध काम करतो : माशाचा ओढा काठीच्या शेंड्याला असतो आणि हात तिच्या बुडाशी, त्यामुळे काठी जितकी लांब तितका मनगटावरील भार अधिक. खुल्या समुद्रकिनाऱ्यावर लाटांपलीकडे गळ फेकण्यासाठी लांब काठी लागते. खाडीच्या बांधावर किंवा तळ्याच्या काठी दोन-सव्वादोन मीटरची काठी पुरे.

हिशेब मांडून पाहू

पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करावा. समजा, एक मध्यम संच 3,000 रुपयांचा आहे व दुसरा, स्वप्नातला म्हणावा असा, 30,000 रुपयांचा. वर्षातून 20 दिवस गरवणाऱ्या माणसाकडे मध्यम संच 4 वर्षे टिकतो. म्हणजे वर्षाला 750 रुपये घसारा व गळ, दोरी, दुरुस्ती यांचे 250 रुपये, एकूण 1,000 रुपये. दर दिवशी 50 रुपये. महाग संच 10 वर्षे टिकला आणि शेवटी 5,000 रुपयांस विकला गेला असे धरू. घसारा वर्षाला 2,500 रुपये, निगा 1,000 रुपये, एकूण 3,500. दर दिवशी 175 रुपये. अंतर 125 रुपयांचे. मासा किलोला 250 रुपये दराने विकला जात असेल, तर महाग संचाने दर खेपेस अर्धा किलो मासा अधिक दिला पाहिजे. एकूण मासा नव्हे, मध्यम संचाने जो मिळाला असता त्याहून अर्धा किलो अधिक. आणि तोही वीसच्या वीस दिवस.

रोजच्या गरवणाऱ्याचा हिशेब वेगळा होतो. तो वर्षातून 100 दिवस जातो असे धरू. मध्यम संच त्याच्या हाती एका वर्षात झिजतो : 3,000 रुपये व किरकोळ खर्च 1,000 रुपये, म्हणजे दिवसाला 40. महाग संच 5 वर्षे टिकला तर घसारा 5,000 रुपये व निगा 2,000 रुपये, म्हणजे दिवसाला 70. अंतर 30 रुपयांचेच, सुमारे 120 ग्रॅम माशाचे. न अडखळणाऱ्या ड्रॅगमुळे महिन्याकाठी दोन-तीन मोठे मासे सुटण्याचे वाचले तर हे अंतर भरून निघू शकेल. यातून एक चमत्कारिक गोष्ट दिसते. महाग संच परवडण्याची शक्यता आहे ती रोज पाण्यावर जाणाऱ्यास, आणि तो बहुधा हातदोरीवर किंवा साध्या काठीवर भागवितो. संच घेतो तो महिन्यातून एखादा रविवार मोकळा असलेला मनुष्य.

कर्जाने घेतल्यास चित्र आणखी पालटते. 30,000 रुपयांवर शेकडा 12 दराने पहिल्या वर्षाचे व्याजच 3,600 रुपये होते. वर्षातून 20 दिवस जाणाऱ्यास ते दिवसाला 180 रुपये पडते, म्हणजे संचाच्या स्वतःच्या दैनिक खर्चाहून अधिक. किसान क्रेडिट कार्डाची सोय 2018-19 पासून मत्स्यव्यवसायासही लागू झाली आहे, पण ती बीज, खाद्य अशा खेळत्या भांडवलासाठी आहे. त्या पैशांतून हौसेचा संच घेण्याचा सल्ला कोणत्याही कार्यकर्त्याने देऊ नये. ज्याला माशांवर उत्पन्नच वाढवावयाचे आहे, त्याने त्याच रकमेत चांगला पाग व मासे ताजे ठेवण्यासाठी बर्फाची पेटी यांचा विचार आधी करावा. पाग एका फेकीत अनेक मासे आणतो, गळ एका वेळी एकच. खडकाळ किनाऱ्यावर, जेथे जाळे फाटते, तेथे मात्र गळाला पर्याय नाही. आणि जिताडा, तांबोशी यांसारखा मासा गळाने अंगावर ओरखडा न उठता मिळाला तर त्याला भावही चांगला येतो.

पवईचे उदाहरण

उपनगरात काठी-रिळाची हौस ज्या पाण्याभोवती वाढली ते पाणी पवईचे. हा तलाव मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी 1891 साली बांधला गेला, पण पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने तो उद्देश फार काळ टिकला नाही. गळाच्या मासेमारीचे स्थान म्हणून मात्र त्याचे नाव झाले व महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळकऱ्यांची संस्था त्याच्याशी निगडित राहिली. रोहू, कटला, मृगळ हे येथील मुख्य मासे. या जातींचे बीज पूर्वी नद्यांतून गोळा करावे लागे. हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी 1957 साली कटक येथे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या वर्गातील माशांचे प्रजनन यशस्वी केले, त्यानंतर तलावांत व शेततळ्यांत सोडण्यास बीज मिळणे सुलभ झाले.

पवईचा कटला अंगाने जड आणि ओढ्याने जोरकस. जलपर्णीत शिरला तर दोरी गुंततेच. अशा जागी मजबूत दोरी व विश्वासाचा ड्रॅग यांचे मोल कळते, हे मान्य केले पाहिजे. परंतु अनेक हौशी गळकरी धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात. ज्या तळ्यात वस्तीचे सांडपाणी येत आले, तेथील मासा खाण्याविषयी सावध असणेही योग्यच. मग मासा विकला जात नाही, खाल्लाही जात नाही, आणि वरील हिशेबातील उत्पन्नाची बाजू कोरी राहते. तो खर्च सर्वस्वी मनोरंजनाचा, जसा नाटकाच्या तिकिटाचा. मनोरंजन वाईट नव्हे. मात्र त्याची नोंद घरखर्चाच्या वहीत करावी, शेतीच्या नव्हे.

पवईत मगरी आहेत. गुडघाभर पाण्यात उतरून गळ टाकू नये, काठाशी वाकून मासे धुऊ नयेत आणि लहान मुलांस एकटे बसवू नये. येथे मासेमारी करण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. विहार व तुळशी हे तलाव पिण्याच्या पाण्याचे असून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात आहेत. तेथे गळ टाकणे हा गुन्हा होतो. पाड्यांवरील तरुणांस ही हद्द नीट समजावून सांगावी, कारण दंड व जप्ती झाली तर संच स्वस्त असो वा महाग, सगळाच जातो.

शेततळ्यावर गळ

राज्यात ठिकठिकाणी शेततळी झाली आहेत आणि पुष्कळांनी त्यांत मासे सोडले आहेत. अशा तळ्यावर गळाचा उपयोग मर्यादित, पण खरा आहे. घरच्या जेवणापुरते एक-दोन मासे हवे असताना सबंध तळ्यात जाळे फिरविले तर बाकीचे मासे विनाकारण खवळतात. गळाने ते काम शांतपणे होते. यासाठी वेळूची काठी, तंगूस, तरंगा व कणकेचा गोळा किंवा गांडूळ एवढे पुरते. गांडूळ खताचा खड्डा असलेल्या शेतकऱ्यास आमिषासाठी दमडीही मोजावी लागत नाही. शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर असेल तर शिसे लावून गळ तळाशी सोडू नये. गळ अस्तरात रुतला आणि जोराने ओढला तर भोक पडते, व पाणी झिरपून जे नुकसान होईल त्यापुढे साऱ्या संचाची किंमत क्षुल्लक ठरेल. तरंगा लावून गळ मध्यावर लोंबता ठेवावा. कृषी-पर्यटन करणाऱ्यांनी पाहुण्यांसाठी काठ्या ठेवावयाच्या असल्यास काचतंतूच्या आखूड व एकसारख्या चार-सहा घ्याव्या, म्हणजे एकीचे रीळ दुसरीला चालते. तिथेही काटेरी गळाऐवजी काटा चिमट्याने दाबून सपाट केलेला गळ द्यावा, कारण तो माणसाच्या बोटात रुतला तरी सहज निघतो.

निगा

खाऱ्या पाण्यावरून आल्यावर काठी व रीळ त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावी. पाण्याची जोरदार धार रिळावर सोडू नये, तिने मीठ आतच ढकलले जाते. हलक्या धारेखाली किंवा ओल्या फडक्याने काम करावे. सावलीत वाळवून दांड्याच्या सांध्यांत तेलाचा एखादा थेंब घालावा, पण ड्रॅगच्या चकत्यांवर तेल पडू देऊ नये. ठेवताना ड्रॅग सैल करावा, म्हणजे चकत्या चपटत नाहीत. काठीवरील कड्या कापसाच्या बोळ्याने पुसाव्या. बोळ्याचा तंतू अडकला तर ती कडी तडकलेली आहे व दोरी कापणार असे समजावे, आणि कडी बदलावी. तुटलेली तंगूस खाडीच्या झाडीत किंवा तळ्याकाठी टाकू नये. ती कुजावयास फार काळ लागतो आणि बगळे व पाणकावळे तिच्यात पाय गुंतून मरतात. तुकडे खिशात घालून घरी आणावे व कातरून कचऱ्यात टाकावे.

संच घेण्याचे ठरलेच असेल तर दुकानात काठी हाती धरण्यापूर्वी रिळावर दोरी चढवून, एका टोकाला वजन बांधून ड्रॅग सोडून पाहण्याचा आग्रह धरावा. दोरी अडखळत सुटत असेल तर ते रीळ परत ठेवावे. माशांच्या जाती, बीज व तळ्याची निगा यांविषयी शंका असल्यास अंधेरीत वर्सोवा येथे केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. परवाने व योजना यांबाबत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारणा करावी, आणि जाताना आपल्या तळ्याचा सातबारा बरोबर न्यावा.